थर वरून, काळ खालून

संगमनेरला इतिहास शिकवत होतो, तेव्हा प्रवरेकाठच्या उत्खननांचे अहवाल मी मुलांना मुळातूनच वाचायला देत असे. पहिल्याच तासाला मुलं अडखळायची. मातीचे थर मोजायचे वरून खाली, काळखंड मोजायचे खालून वर. प्रवरेकाठच्याच दायमाबादला सावळदा संस्कृती पहिली, जोर्वे पाचवी. म्हणजे जोर्वेची खापरं मातीत वर आणि यादीत शेवटी. एकाच पानावर हे दोन उलटे क्रम नांदतात.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना वाचकाला कुदळीबरोबर खाली न्यायचं असावं, असं मला नेहमी वाटत आलंय. 1954-56 च्या नेवासे उत्खननावरच्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या 1960 मधल्या ग्रंथाचं नावच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जातं. आत मात्र काळखंडांची मोजणी अश्मयुगापासूनच. दायमाबादचा एस. ए. साळींचा ग्रंथ 1986 चा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. त्याच्या शीर्षकात गावाचं नाव आणि 1976-79 ही वर्षं, बस्स.

लिहिण्याच्या अशा वेगवेगळ्या रीतींची खरी कसोटी लागली ती दायमाबादच्या कांस्यमूर्तींवर. 1974 साली छबू लक्ष्मण भिल यांना हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ, अशा चार वस्तू मिळाल्या. वजन मिळून साठ किलोंवर. त्या उत्खननाच्या चरात सापडल्या नव्हत्या, त्यामुळे थरांची साक्ष दुबळी. म. न. देशपांडे, एस. आर. राव, साळी, म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. त्यांचं लिहिणं स्थळ, घडण आणि साम्य यांच्या आधाराने पुढे सरकतं. उलट डी. पी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी धातूचं पृथक्करण मांडलं: आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त, आणि ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत तसा मिश्रधातू आढळत नाही, म्हणून मूर्ती बऱ्याच नंतरच्या असाव्यात. इथे युक्तिवादाचं ओझं तक्ता उचलतो.

हा नुसता शैलीतला फरक मला कधीच वाटला नाही. लिहिण्याची रीत बदलली की पुरावा कशाला म्हणायचं तेही बदलतं. म्हणून मी मुलांना या मूर्तींवर दोन टिपणं लिहायला लावायचो, एक उत्खनकाच्या रीतीने, दुसरं रसायनज्ञाच्या. दुसऱ्यात छबू भिल बहुतेकदा गळून जायचे. कुणी मुद्दाम वगळत नसे, त्या मांडणीत त्यांना जागाच नसे. मी टिपणं परत करायचो आणि दोन्हींत त्यांच्यावर एक वाक्य मागायचो.