दिढीचे धान्य आणि आठवड्याचा हप्ता

औंढा नागनाथाहून वसमतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हे जे गाव लागते, त्याची ख्याती दूरवरच्या लोकांत मुख्यतः तेथील भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे पसरलेली आहे. यात्रेकरू येतात, दर्शन घेतात आणि पुढे नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाकडे किंवा नांदेडच्या दिशेने निघून जातात. परंतु या मुलखातल्या कोरडवाहू कुणब्याने, आंध आणि बंजारा कुटुंबांनी, मातंग वस्तीतल्या कारागिराने आणि बांधावर स्वतःचे एक झाडही नसलेल्या मजुराने पिढ्यान्‌पिढ्या आपली पेरणी, आपली लग्नकार्ये आणि आपले किडूकमिडूक धंदे कोणाच्या पैशावर चालविले, हा वृत्तांत कोणत्याही स्थलमाहात्म्यात सापडायचा नाही. तो सापडलाच तर तमस्सुकांत, गहाणखतांत, मुन्सफाच्या हुकूमनाम्यांत आणि अलीकडच्या काळापुरता बायकांच्या बचत गटांच्या वह्यांत सापडेल.

आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारा हा प्रदेश १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सरकारी महसूल नगद भरावा लागे. आणि ज्याच्या घरी नगद म्हणून वर्षातून एकदाच, सुगीनंतर, दिसायची, त्याला किस्तीच्या तारखेस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नसे. त्यात नाणेही दुहेरी होते: राज्याचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्यांचा विनिमय असल्यामुळे, मुंबईच्या बाजाराशी ज्याचा संबंध येई अशा व्यापाऱ्याला या बट्ट्यातही काही सुटत असे आणि कुणब्याला त्यातले काही कळण्याचे कारण नसे.

सावकारीचे सर्वांत जुने आणि सर्वांत खोलवर रुजलेले रूप मात्र नगदीचे नव्हते, धान्याचे होते. आषाढात बियाण्यासाठी आणि पोटासाठी मापभर ज्वारी उचलायची आणि सुगीला दीड माप परत घालायची, या व्यवहाराला वाढीदिढी म्हणत. जरा कनवाळू सावकार असला तर सवाईवर भागे. चार-पाच महिन्यांत मुद्दलाच्या निम्मे व्याज हे ऐकताच आधुनिक वाचकाच्या अंगावर काटा येतो. परंतु हा दर निजामाच्या किंवा मारवाडी पेढीच्या डोक्यातून निघालेला नसून कौटिल्याच्या अर्थशास्त्रातच, शेकडा दरमहा सव्वा पण हा धर्म्य दर सांगितल्यानंतर, धान्याच्या कर्जास पीक आल्यावर अर्ध्यापर्यंत वाढ घेण्याची मुभा दिलेली आहे. तेव्हा दराचा निषेध करून मोकळे होण्यापूर्वी थोडा हिशेब करून पाहावा. समजा, पेरणीच्या वेळी ज्वारीचे माप सहा आण्यांना विकत होते आणि सुगीला, सारा गाव एकाच वेळी विकावयास निघाल्यामुळे, ते चार आण्यांवर उतरले. तर कुणब्याने परत केलेल्या दीड मापाची किंमत पुन्हा सहा आणेच होते, म्हणजे नगदीच्या भाषेत व्याज शून्य! मग सावकार श्रीमंत कशाने झाला? तर तो ते दीड माप पेवात घालून पुढच्या आषाढापर्यंत थांबू शकत होता, आणि कुणबी थांबू शकत नव्हता. माझ्या मते या प्रदेशातील कर्जव्यवहाराचे सारे मर्म येथे आहे. सावकाराजवळ पैसा होता हे खरेच. पण पैशापेक्षाही त्याच्याजवळ पेव होते, दुकान होते, मोंढ्यातल्या अडत्याशी ओळख होती आणि वाट पाहण्याची ऐपत होती. कर्ज देणारा, माल घेणारा आणि मीठमिरची विकणारा हा एकच इसम असल्यामुळे कुणब्याचा रुपया त्याच्या ओट्यावरून निघे आणि तेथेच परत येई.

या शांत, खतावणीतल्या सावकाराच्या पलीकडे दुसरा एक वर्ग होता, तो रोहिल्यांचा आणि अरबांचा. हैदराबादच्या फौजेत आणि जमीनदारांच्या चाकरीत आलेल्या या लोकांनी शिपाईगिरीबरोबर सावकारीही आरंभिली, आणि वसुलीसाठी त्यांना अदालतीची गरज नसे. कंबरेचा जंबिया पुरे होई. १८५३ साली सालारजंग दिवाण झाले, आणि त्यांनी या मंडळींच्या परभारे वसुलीस पायबंद घालण्यासाठी पुष्कळ खटपट केली. तकाद्याची प्रथा अर्थात त्याहून जुनी, पेशवाईतलीही. ऋणकोच्या दारात प्यादा बसवावा, त्याला उन्हात उभे करावे, प्रसंगी डोक्यावर धोंडा द्यावा, असे तिचे प्रकार इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहेत. अदालती आल्यावर धोंडा गेला आणि कागद आला. तो कागद आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उर्दूत लिहिला जाई. मराठी बोलणारा, आणि मराठीही वाचता न येणारा कुणबी त्यावर अंगठा उठवी. मुद्दलापेक्षा व्याज अधिक होऊ नये हा दामदुपटीचा जुना, शहाणा दंडक अशा कागदापुढे लंगडा पडे, कारण थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा तमस्सुक लिहून घेतला की दुप्पट मोजण्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होत असे.

सरहद्दीपलीकडे, इंग्रजी अमलातल्या पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत, १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, चौकशीचे कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. निजामाच्या राज्यात असे काही व्हावयास आणखी साठ वर्षे गेली. केशव अय्यंगारांनी १९२९-३० मध्ये राज्याच्या ग्रामीण अर्थस्थितीची पाहणी केली, पुढे भरुचांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर अहवाल लिहिला, आणि मग फसली १३४९ च्या, म्हणजे इसवी सन १९३९-४० च्या सुमारास सावकारांना परवाना, कर्जाचा समेट आणि बिगरशेतकऱ्याकडे जाणाऱ्या शेतजमिनीला अटकाव, असे कायदे लागोपाठ आले. कायदे हेतूने चांगले होते. परंतु त्यांत ज्याच्या नावे जमीन, त्याचाच विचार होता. सालगड्याला पाडव्याला मिळणारी उचल, जी फेडण्यासाठी तो आपले एक वर्ष आणि पुष्कळदा आपल्या मुलाचेही वर्ष लिहून देई, ती कोणत्याही समेट मंडळापुढे यावयाची नव्हती.

सहकाराचा कायदा हैदराबादेत १९१४ सालीच झाला होता. पतपेढ्या निघाल्या, पण त्यांच्या सभासदत्वाला जामीन लागे, जामिनाला जमीन लागे, आणि पुष्कळ गावी चेअरमनच्या खुर्चीवर ज्याच्या ओट्यावरून पळून यावयाचे तोच गृहस्थ बसलेला असे. त्या मानाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लेव्हीची, म्हणजे सरकारी धान्यवसुलीची, सक्ती चालू असताना, सरकारने गावोगाव ज्या धान्यपेढ्या काढल्या, त्या मला अधिक मर्मग्राही वाटतात. सुगीला धान्य गोळा करून ठेवावे आणि पेरणीला तेच धान्यरूपाने कर्जाऊ द्यावे, ही कल्पना सावकाराच्या पेवाचीच सार्वजनिक आवृत्ती होती. लेव्हीच्या जुलमाशी तिचे नाव जोडले गेल्यामुळे लोकांना तिची गोडी लागली नाही, आणि पोलीस कारवाईनंतरच्या घालमेलीत ती मागे पडली.

येथे थोडे विषयांतर करतो. नाशिकच्या लेण्यांत ऋषभदत्ताचा, नहपानाच्या जावयाचा, एक लेख आहे. त्यात त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे सांगितले आहे, दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. राजघराण्यातला पुरुष आपली ठेव कोष्ट्यांच्या पंचायतीकडे निर्धास्तपणे सोपवतो, याचा अर्थ असा की हातावर पोट असलेले लोक एकत्र आले तर त्यांची पत उभी राहते, हे या भूमीला एकोणीसशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. मग मधल्या काळात ते कोठे हरवले, हा प्रश्न मी इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपवतो.

१९५४ साली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने देशाला आरसाच दाखविला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१, व्यापारी बँकांचा ०.९, आणि शेतकरी व धंदेवाईक अशा दोन्ही तऱ्हांच्या सावकारांचा मिळून जवळजवळ ७०! धनंजयराव गाडगीळ ज्या समितीत होते तिने केवळ कर्ज वाढवा असे सांगितले नाही. कर्ज, विक्री, प्रक्रिया आणि गुदाम यांची सांगड घाला, असे सांगितले. म्हणजे सावकाराच्या ओट्यावर जे एकत्र होते ते समाजाच्या हाती एकत्र यावे. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या धरणांमुळे पूर्णेच्या पाण्यावर जी बागायत आली आणि वसमतेस साखर कारखाना झाला, तेथे ही सांगड काही अंशी जमली. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, तिने वसुलीची बाजू भक्कम केली, कारण सोसायटीचे येणे कापसाच्या पैशातूनच कापून घेतले जाई. कोरडवाहू लहान शेतकऱ्याच्या हाती चुकाऱ्याची पावती येई आणि तीत वजाबाकीच अधिक असे. भूमिहीनाचे नाव त्या पावतीवर येण्याचा प्रश्नच नव्हता.

अशा भूमिहीनासाठी सरकारने निराळ्या योजना केल्या. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ मध्ये स्थापन झाले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रे यांसाठी अनुदान आणि कर्ज मिळू लागले. या कार्यक्रमातील पुष्कळशा म्हशी कागदावरच व्याल्या आणि कागदावरच मेल्या, ही गोष्ट मराठवाड्यात कोणाला नवी नाही. दूध कोठे घालायचे, जनावर आजारी पडले तर डॉक्टर कोठून आणायचा, याची तजवीज नसताना नुसती म्हैस देणे म्हणजे घोड्याविना टांगा देण्यासारखे होते.

१९७६ हे साल मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. आणि त्याच वर्षी बांगलादेशातील जोबरा गावी महंमद युनूस या प्राध्यापकांनी बेचाळीस गरिबांचे मिळून अवघे ८५६ टाक्यांचे देणे स्वतःच्या खिशातून देऊन एका प्रयोगास आरंभ केला. आपल्याकडे ग्रामीण बँकेची शाखा गावाजवळ आली, पण तिच्या व्यवस्थापकापुढे उभी राहणारी बाई सातबारा कोठून आणणार? जोबराने दिलेले उत्तर असे होते की शेजारणीच एकमेकींच्या जामीन. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभरातील पाचशे गटांपासून सुरू केला. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे माविम, पुढे तेजस्विनी कार्यक्रमातून आणि नंतर उमेद अभियान गावोगाव या गटांपाशी पोहोचले. दरमहा ठरावीक रक्कम टाकायची, ती आपसांत फिरवायची, वही नीट ठेवायची, आणि मग बँकेच्या दारात जायचे. या क्रमात एक शहाणपण होते: बाई कर्जदार होण्यापूर्वी ठेवीदार होत असे, ऋषभदत्ताच्या विणकरांसारखी पतवान.

याच वाटेने मागून खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्या आल्या. त्यांनी बचतीचा भाग गाळला आणि शेजारणीची जामीनकी तेवढी ठेवली. कर्ज उंबरठ्यापर्यंत आणून दिले, हे त्यांचे श्रेय नाकारू नये. परंतु हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा, आणि पहिला हप्ता पैसे हाती पडल्यापाठोपाठ. ज्या बाईचे चहाचे दुकान आहे तिला हे झेपते. जिने हळदीचे बेणे लावले तिला नऊ महिने काही दिसायचे नाही. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश. आणि तोवर एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरायचा. शेजारच्या, तेव्हा अविभक्त असलेल्या आंध्र प्रदेशात २०१० साली यातून एवढा अनर्थ झाला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. वसुलीचा माणूस दारात तासन्‌तास बसून राहतो असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा तकाद्याच्या जुन्या नोंदी आठवल्याखेरीज राहत नाहीत. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश दिले: वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज ते सूक्ष्मवित्त, एकंदर हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, आणि हप्त्याचा काळ ऋणकोच्या सोयीने ठरविण्याची लवचिकता असावी. यातले शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते.

पेवाची जागा आज गुदामाने घेतली आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत, जी १९९०-९१ पासून चालू आहे, बाजार समितीच्या गुदामात हळद ठेवून तिच्या किमतीच्या बऱ्याच मोठ्या हिश्शाएवढे कर्ज सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. म्हणजे सावकाराजवळची वाट पाहण्याची ऐपत कुणब्याला प्रथमच नगण्य मोलात मिळू लागली. पण वसमतेस चार पोती घेऊन जाण्याचे भाडे आणि दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून लहान शेतकरी गावातच विकून मोकळा होतो; दहा घरांची पोती एकत्र नेण्याचे काम गटाने किंवा उत्पादक कंपनीने अंगावर घेतले, तरच ही योजना त्याच्या उपयोगी पडेल. आणि जिच्याजवळ पोतेच नाही, दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत, तिच्यासाठी गुदाम नाही. बोकडाला भाव बकरी ईदच्या सुमारास चढतो हे तिला पक्के ठाऊक असते. आठवड्याचा हप्ता असला तर ती तो महिना दीड महिना आधीच बाजारात सोडते. गटाच्या स्वतःच्या पैशाची गोष्ट निराळी: तेथे मुदत बायकाच बैठकीत ठरवतात, आणि एखादीने बोकड ईदेपर्यंत ठेवायचा म्हटले तर बाकीच्या तोवर मुद्दल थांबवून महिन्याचे व्याज तेवढे वहीत जमा करून घेऊ शकतात.