भिंतीवरील प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यांत, ब्रॅडवेल गांवाबाहेर समुद्रालगत एक लहानसें एकाकी प्रार्थनामंदिर उभें आहे. त्यास मनोरा नाहीं, नक्षीकाम नाहीं. लांबून पाहणारास तें धान्याचें कोठार वाटावें. वाचकांस नवल वाटेल, पण मधल्या काळांत तें खरोखरच कोठार होतें. आणि कोठार झालें म्हणूनच तें वांचलें, असें आमचें मत आहे.

इ. स. ६५३ च्या सुमारास नॉर्थंब्रियाच्या राजानें सेड नांवाच्या धर्मोपदेशकास पूर्व सॅक्सन लोकांत धाडलें. या किनाऱ्यावर तिसऱ्या शतकांत रोमनांनीं बांधलेला ओथोना नांवाचा किल्ला तेव्हां ओसाड पडला होता. सेडनें त्याच्याच विटा व दगड वेंचून, त्याच्या पश्चिम तटाच्या जागीं हें मंदिर उभारलें. 'भिंतीवरील संत पीटर' हें नांव त्यास पडलें तें यामुळेंच. बीड या इतिहासकारानें ७३१ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथांत सेडच्या येथील कार्याचा उल्लेख केला आहे. स्वतः सेड ६६४ सालच्या महामारींत मरण पावला.

पुढें कित्येक शतकांनीं येथील उपासना थांबली व ही वास्तु शेतकऱ्यांच्या हातीं गेली. धान्याच्या गाड्या आंत नेतां याव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंती फोडून मोठे दरवाजे पाडण्यांत आले. पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार गाभारा व पश्चिमेची देवडी हीं तर नष्टच झालीं. भाविकांस ही विटंबना वाटेल. परंतु निरुपयोगी इमारतीचे दगड लोक उचलून नेतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. खुद्द सेडनेंहि रोमनांच्या किल्ल्याचें तेंच केलें! उलट, ज्याचें धान्य आंत आहे तो छप्पर गळूं देत नाहीं. त्या किल्ल्याचा पूर्वेकडील भाग समुद्रानें गिळला. मंदिराच्या भिंती मात्र साडेतेराशें वर्षें टिकून आहेत.

१९२० सालीं दुरुस्ती होऊन तेथें पुन्हां उपासना सुरू झाली. दुरुस्ती करणारांनीं गाड्यांचे दरवाजे बुजविले, पण त्यांच्या खुणा पुसल्या नाहींत. त्या आजहि भिंतींत स्पष्ट दिसतात. पडलेला गाभाराहि नव्यानें उभारला नाहीं. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत आपण जुन्या वास्तूचें वय रंगानें लपवितों, आणि तिच्या चरित्रांतील नकोसा भाग खुशाल पुसून टाकतों. ब्रॅडवेलच्या भिंतीवर संताचा हात दिसतो, तसा शेतकऱ्याचाहि दिसतो. आणि त्या मंदिरावर दोघांचेंहि ऋण आहे.