साठीतील एकाकी यात्रेकरू

‘फादर, आईला एकटीला वेलंकनीला पाठवावे का?’ असा प्रश्न घेऊन धर्मग्रामातील मुले-सुना अधूनमधून आमच्याकडे येतात. आईचे वय झालेले असते, गुडघे कुरकुरत असतात. पण ऑगस्ट सरू लागला की तिचे मन घरात रमत नाही. मुलांना आमच्या तोंडून नकार हवा असतो. अशा वेळी आम्हांस सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज विधवेचे स्मरण होते.

मार्जरी केम्प हिचा जन्म १३७३ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिन या बंदरात झाला. वडील नगराचे महापौर होते. ती स्वतः चौदा मुलांची आई. आपली जीवनकथा तिने इतरांना सांगून लिहवून घेतली. इंग्रजीतील पहिले आत्मचरित्र असा त्या ग्रंथाचा गौरव केला जातो. त्याचे संपूर्ण हस्तलिखित शतकानुशतके अज्ञातवासात होते. १९३४ साली ते एका जुन्या कॅथॉलिक घराण्याकडे सापडले.

मार्जरीने यरुशलेम, रोम आणि सांतियागो या यात्रा चाळिशीत केल्या होत्या. प्रभूचे दुःखसहन आठवले की ती मोठ्याने आक्रोश करी, जेवणाच्या पंगतीतही देवाखेरीज दुसरे बोलत नसे. त्यामुळे सहप्रवासी तिला कंटाळत आणि वाटेतच सोडून जात. आमच्या या कथेचा भाग मात्र १४३३ सालचा आहे. तेव्हा तिने साठी गाठली होती. पती व एक मुलगा थोड्याच अंतराने निवर्तले होते. मुलाची जर्मन पत्नी डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कला, माहेरी परत निघाली. तिला इप्सविच बंदरापर्यंत पोहोचवावे, एवढीच परवानगी मार्जरीला होती. तुझा पाय नुकताच दुखावला आहे, तो अजून बरा झालेला नाही, शिवाय तू म्हातारी झालीस, असे तिच्या आत्मिक मार्गदर्शकाने बजावले होते. आम्ही धर्मगुरू असल्याने त्यांची बाजू आम्हांस चटकन समजते. आम्हीही तेच सांगितले असते!

परंतु वाटेत प्रार्थना करीत असता, ‘तूही जा’ अशी प्रभूची आज्ञा तिच्या अंतःकरणाला झाली. नॉर्विच येथे एका फ्रान्सिस्कन मठवासीयाचा सल्ला घेऊन ती जहाजावर चढली. सुनेला ते मुळीच रुचले नाही. वादळाने जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याला लावले आणि पुनरुत्थानाचा सण त्या परक्या भूमीवर साजरा झाला. डान्झिगला पाच-सहा आठवडे राहिल्यावर ती परतीच्या वाटेवर यात्रा करण्यास निघाली. इंग्रज स्त्री म्हणून तिला नगर सोडण्याची अनुज्ञा मिळेना. लिनच्याच एका व्यापाऱ्याने खटपट करून ती मिळवून दिली.

पुढचा प्रवास खडतर होता. विल्सनाक येथील ‘पवित्र रक्ता’च्या दर्शनाला, जे वादग्रस्त ठरले होते, ती एका पुरुषाच्या सोबतीने निघाली. तो स्वतःच भेदरलेला! तिला मागे टाकून निसटण्याची त्याची धडपड चाले. ती आजारी पडली. शेवटी तिला गाडीत घालून न्यावे लागले. नंतर त्याने तिची साथ सोडलीच. रात्री मुक्कामाला अब्रूची धास्ती वाटे, म्हणून शक्य तिथे एखादी-दुसरी स्त्री सोबतीला घेतल्यावाचून ती झोपत नसे. साठीतही ही भीती सुटत नाही, हे ती लपवीत नाही.

अशा स्थितीत तिला आखेनच्या वाटेवर सोबत दिली ती भिकाऱ्यांच्या एका तांड्याने. गावाबाहेर थांबले की ते कपडे उतरवून उवा वेचीत. मार्जरीला स्वतःचे कपडे उतरवण्याची लाज वाटे. परिणामी त्यांच्या उवा तिलाही रात्रंदिवस चावू लागल्या. तरीही तिने तो संग सोडला नाही. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घडते, तसे आखेनला दर सात वर्षांनी पवित्र मरियेच्या वस्त्राचे दर्शन घडते. ते तिने २० जुलैला, संत मार्गारेटच्या सणाच्या दिवशी, डोळे भरून घेतले.

तिथे लंडनच्या एका प्रतिष्ठित विधवेने सोबत नेण्याचे कबूल केले आणि तिला न घेताच ती निघून गेली. मार्जरी एका गरीब भिक्षेकरी मठवासीयाबरोबर कॅले बंदराला पोहोचली. तिथल्या एका भल्या गृहिणीने तिला घरी नेले, स्वच्छ न्हाऊ घातले व नवे वस्त्र नेसवले. पुढे समुद्रात सर्व प्रवासी ओकाऱ्यांनी बेजार झाले. मार्जरी तेवढी ठणठणीत. तिने सर्वांची शुश्रूषा केली, आणि सर्वाधिक केली ती त्याच लंडनच्या विधवेची!

घरी परतल्यावर आत्मिक मार्गदर्शकाचे कठोर बोल तिला ऐकावे लागले. ती नम्र झाली, आणि लवकरच पूर्वीचा स्नेह परतला.

मार्जरीने अवज्ञा केली, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. मात्र तिच्या कथेत आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्यांनी सोबतीचा शब्द दिला, त्यांतील बहुतेकांनी तो मोडला. तिला सांभाळले ते गावचा व्यापारी, भिकारी, मठवासी आणि एक अनोळखी गृहिणी यांनी. म्हणून आता आम्ही त्या मुला-सुनांना नकार देत नाही. पायाचे दुखणे आधी डॉक्टरांना दाखवा, मुक्कामाच्या ठिकाणची चौकशी करा, निवासात दुसऱ्या एखाद्या स्त्रीची सोबत पाहा, एवढे सांगतो. मग आईला आत बोलावतो, आशीर्वाद देतो आणि आमच्यासाठीही एक मेणबत्ती लावण्याची विनंती करतो.