निक्सी नळीचा उच्चदाब वीजपुरवठा

निऑनने भरलेल्या निक्सी अंकनळ्यांसाठी १२ व्होल्टसारख्या कमी दाबापासून १७० ते १८० व्होल्ट एकदिश दाब तयार करणारे मंडल. बरोज कंपनीने १९५५ मध्ये या नळ्या बाजारात आणल्या. नळीत ० ते ९ आकड्यांच्या आकाराच्या तारा एकामागे एक रचलेल्या असतात. ज्या तारेला ऋण टोक मिळते तिच्यावर नारिंगी प्रभा चढते.

नळी पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात, पेटल्यावर १४० पुरतात. उरलेला दाब धनाग्राचा रेझिस्टर खातो : पुरवठा १८० व्होल्ट आणि प्रवाह २ मिलिअँपिअर असेल तर २० किलोओहम. अंधारात नळी पेटायला वेळ घेते. त्यामुळे दिवसा टेबलावर नीट चालणारे निक्सी घड्याळ रात्री आकडा गाळते. काठावरच्या १७० पेक्षा १८० बरे.

सहा नळ्या, प्रत्येकी २.५ मिलिअँपिअर, म्हणजे २.७ वॉट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १२ व्होल्टकडून सरासरी ०.२८ अँपिअर. आकडा किरकोळ वाटतो, पण दाब चढवणारी कॉइल दर आवर्तनात रिकामी होत असेल तर तिच्यातला शिखरप्रवाह याच्या दुपटीच्या वर जातो. नवशिके १८० व्होल्टला घाबरतात. मंडल मरते ते बहुधा १२ व्होल्टच्या बाजूला. कॉइलचा गाभा संपृक्त झाला की ती नुसती तार उरते आणि तिचा प्रवाह चालू-बंद करणारा मॉसफेट जळतो. गाभा तापला की संपृक्ततेची मर्यादा आणखी खाली येते, म्हणून चाचणी डबा बंद करूनच घ्यावी.

असे गाभे पुष्कळदा मँगनीज-जस्त फेराइटचे असतात.

डायोड जलद हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळणारा १एन४००७ इथे मंदगती ठरतो आणि तापतो, यूएफ४००४ वापरावा. दाब मोजणाऱ्या विभाजकाचा वरचा रेझिस्टर तुटला तर नियंत्रकाला दाब शून्य दिसतो आणि तो चढवतच राहतो. पाव वॉटचा एकच रेझिस्टर लावण्यापेक्षा दोन एकसरीत लावले की प्रत्येकावरचा दाब निम्मा होतो. कपॅसिटर २५० व्होल्टचा घ्यावा आणि त्याला समांतर ४७० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. वीज काढल्यावर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १८० वरून ५० व्होल्टवर यायला तरीही सहा सेकंद लागतात.