एकच आराखडा, दोन ठिणग्या

स्पेनच्या बास्क प्रदेशातील एइबार हे गाव शतकानुशतके बंदुका घडवण्यासाठी ओळखले जात होते. धातू काटेकोरपणे घडवण्याचे तेथील कसब विसाव्या शतकात सायकली आणि शिवणयंत्रांकडे वळले. 1950च्या दशकात इटलीच्या इनोसेंती कंपनीच्या परवान्याने तेथे लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होऊ लागली. त्याच दशकात मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’नेही लॅम्ब्रेटा आणली. पुढे इनोसेंतीची यंत्रसामग्री भारताने विकत घेतली आणि 1972 मध्ये लखनऊला ‘स्कूटर्स इंडिया’ स्थापन झाली.

म्हणूनच, 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या जबलपूरमध्ये एखादी आयात केलेली स्पॅनिश लॅम्ब्रेटा पुनरुज्जीवनासाठी आली, तर तिचे इंजिन तेथील कारागिराला परके वाटणार नाही. मूळ आराखडा एकच असल्याने भारतात बनलेले अनेक सुटे भाग तिला चालतात. खरी परीक्षा असते ती ठिणगीची.

जुन्या रचनेत फ्लायव्हीलवरील चुंबक स्थिर कॉइलभोवती फिरतात आणि फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनाने तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. प्रवाह ऐन भरात असताना कॅम सीबी पॉइंट उघडतो. प्रवाहाचा मार्ग अचानक तुटतो आणि एचटी कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतो. पॉइंटवर उडू पाहणारी ठिणगी कंडेन्सर थोपवतो. मिनिटाला 5000 फेरे घेणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनात हे सेकंदाला सुमारे 83 वेळा घडते. अशा वेळी क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा अवघा 30,000वा भाग लागतो. पॉइंटमधील फट किंचित बदलली, तरी ठिणगीची वेळ ढळते.

पुढे काही स्पॅनिश स्कूटरींवर ‘फेमसाट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली आली. कपॅसिटर-डिस्चार्ज पद्धतीत काही शे व्होल्टला भारित झालेला कपॅसिटर थायरिस्टरमार्फत क्षणात मोकळा होतो. झिजणारा पॉइंट उरत नाही आणि वेळ अधिक अचूक राहते. मात्र दोषाचे स्वरूपही बदलते. जळलेला पॉइंट डोळ्यांना दिसतो, त्याची फट फीलर गेजने मोजता येते. राळेत बंद केलेला संच मात्र कोणतीही खूण न देता निकामी होतो. झिजेतून सुटका मिळाली, पण तिची किंमत दुरुस्तीक्षमतेने मोजावी लागली.

त्यामुळे पुनरुज्जीवन करताना बहुधा नवा इलेक्ट्रॉनिक संच बसवला जातो. रोज चालवायच्या वाहनासाठी ते रास्तच आहे. परंतु काढलेला मूळ संच भंगारात गेला, की त्या काळच्या अभियंत्यांनी प्रश्न कसा सोडवला याचा पुरावाही जातो. वायरिंगची छायाचित्रे, स्टेटर प्लेटवरील खुणांची नोंद आणि चिठ्ठी लावून जपलेला मूळ संच, एवढे केले तरी स्कूटर चालूही राहते आणि तिचा इतिहासही वाचता येतो.