प्रशिक्षक मॅक्लेंडन

श्रोतेहो, युनियनचा माणूस बास्केटबॉलवर काय बोलणार, अशी शंका पुढच्या रांगेतील काही चेहऱ्यांवर आम्हांस दिसते आहे. शंका रास्त आहे. आम्ही हा खेळ उभ्या जन्मात खेळलो नाही. परंतु माणसे एकत्र बांधणे आणि अटी मान्य झाल्याशिवाय आत पाऊल न टाकणे हा आमचा नित्याचा उद्योग. तोच उद्योग खेळाच्या मैदानावर करणाऱ्या एका अमेरिकन प्रशिक्षकाची हकीकत आम्ही सांगणार आहोत. त्यांचे नाव जॉन मॅक्लेंडन.

१९१५ साली कॅन्सस राज्यातील हायवॉथा या गावी एका काळ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३३ साली ते कॅन्सस विद्यापीठात गेले. ज्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली गॅलरीच्या कठड्याला फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, ते तेव्हा तेथेच शिकवीत होते. हा मुलगा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, वडिलांनी सांगितले आहे, तुम्ही माझे सल्लागार. म्हातारा हसला आणि सल्लागार झाला.

विद्यापीठाच्या संघात मात्र काळ्यांना जागा नव्हती. पोहण्याच्या तलावातही नव्हती, आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणे तर आवश्यक! मॅक्लेंडन एके दिवशी तलावात उतरले. ते बाहेर येताच तलावातील सारे पाणी सोडून देण्यात आले. महाडचे चवदार तळे १९२७ साली गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ करून घेतले गेले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढे नेस्मिथ पाठीशी राहिले आणि तलाव सर्वांना खुला झाला. १९३६ साली मॅक्लेंडन पदवीधर झाले.

ज्याला स्वतः खेळू दिले नाही तो खेळ शिकवू लागला. १९४० साली डरहॅम शहरातील ‘नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर नीग्रोज’ या संस्थेचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. त्या काळी खेळ संथ असे. मॅक्लेंडन यांनी आपली मुले पळवली. चेंडू हाती येताच, समोरचे लोक आपापल्या जागी पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्या टोकाला जाऊन धडकायचे, हे त्यांचे तंत्र. त्यालाच ‘फास्ट ब्रेक’ म्हणतात. यासाठी दम लागतो, म्हणून मुलांकडून ते अतोनात धावण्याची मेहनत करून घेत.

याच शहरात ड्यूक विद्यापीठ होते, फक्त गोऱ्यांचे. युद्धकाळात तेथील वैद्यकीय शाळेत लष्करी शिक्षणासाठी आलेल्या तरुणांचा एक बलाढ्य संघ झाला होता. दोन्ही संघांनी खेळावे असे ठरले. पण उघडपणे खेळणे अशक्य. त्याच वर्षी जुलैत, डरहॅममध्येच, बसमध्ये मागे जाऊन बसण्यावरून वाद झाला म्हणून ड्रायव्हरने एका काळ्या सैनिकास गोळी घालून ठार केले, आणि तो ड्रायव्हर निर्दोष सुटला. असे ते शहर होते.

तेव्हा वेळ निवडली ती १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. लोक चर्चमध्ये, पोलीसही निवांत. गोरे खेळाडू आडवाटेने मोटारी आणून, डोक्यावर कोट ओढून आत शिरले. दरवाजे कुलूपबंद झाले. पंच होता, घड्याळ होते, प्रेक्षक नव्हते; बाहेरच्या बाजूने खिडक्यांवर चढून डोकावणारी काही मुले तेवढी होती. आरंभी दोन्हीकडचे हात थरथरत होते. मग डरहॅमची मुले धावू लागली. शेवटी फलक ८८-४४ असा होता. आम्हांस याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. घटकाभर विश्रांती घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले, या वेळी काळे-गोरे मिसळून दोन संघ केले, एकाने सदरे घातले, दुसऱ्याने काढले. शहरातील एका काळ्या वार्ताहराला हे कळले होते. त्याने एक ओळ छापली नाही. आमच्या चळवळीतही अशी काही माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे नाव कधी कोणत्याच अहवालात येत नाही.

१९५४ साली मॅक्लेंडन टेनेसी ए अँड आय या कॉलेजात आले. कॅन्सस सिटीच्या स्पर्धेचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी अट घातली: आमची मुले शहरातल्या हॉटेलात, इतर संघांप्रमाणेच राहतील आणि जेवतील, नाहीतर आम्ही येत नाही. अट मान्य झाली. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या संघाने छोट्या कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.

मग क्लीव्हलँड. तेथील ‘पायपर्स’ संघ १९६१ साली व्यावसायिक झाला आणि अशा संमिश्र व्यावसायिक संघाचे मॅक्लेंडन हे पहिले काळे प्रशिक्षक ठरले. मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर, मालवाहू जहाजांच्या घराण्यातील तरुण, पुढे बेसबॉलमध्ये गाजलेले. एका सामन्याच्या मध्यंतरातच त्यांनी आपला एक खेळाडू समोरच्या संघाला विकून टाकला, असे सांगतात. त्यातच खेळाडूंचे पगार अडकू लागले.

येथे आम्ही थोडे थांबतो. एका कारखान्यात तीन महिने पगार थकला होता तेव्हा फोरमन मालकाच्या केबिनमध्ये चहा पीत बसला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचाही संसार होता. आम्ही त्याला फार दोष देत नाही. मॅक्लेंडन यांची जागा तर त्याहून नाजूक. ते पहिले होते. ते गेले तर ‘यांना जमत नाही’ म्हणावयास लोक टपलेलेच. तरी ते खेळाडूंच्या बाजूने उघड बोलले आणि जानेवारी १९६२ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांनी घडवलेल्या संघाने दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याच हंगामाचे विजेतेपद मिळविले. वर्ष संपताना ती लीगच बंद पडली.

१९६६ साली ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात गेले. प्रामुख्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात काळा मुख्य प्रशिक्षक, हेही प्रथमच. १९६९ साली डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले आणि २८ सामन्यांनंतर काढून टाकले.

डरहॅमचा तो बंद दाराआडचा सामना जगाला कळला १९९६ साली, बावन्न वर्षांनी. १९९९ मध्ये मॅक्लेंडन वारले. स्प्रिंगफील्डच्या सन्मानगृहात त्यांचे नाव १९७९ सालीच लागले होते, पण ‘खेळाला हातभार लावणारे’ या सदरात. प्रशिक्षक म्हणून ते लागले २०१६ साली.