सतरंज्या कोण उचलणार?

स्नेहसंमेलन ठरलं की शाळेत पहिली चर्चा होते ती पाहुणे कोण बोलवायचे याची. माझ्या मते पहिली चर्चा सतरंज्या कोण उचलणार याची व्हायला हवी. तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर एवढं मत मांडायचा हक्क असावा.

आमची पुतणी अमेरिकेत असते. तिकडच्या शाळांत 'फॅमिली नाइट' असते. एखाद्या संध्याकाळी आईबाबा, भावंडं, जमल्यास आजीआजोबा मुलांबरोबर शाळेत येतात, गणिताचे खेळ खेळतात, पुस्तकं वाचतात, एकत्र खातात. आपल्या आनंद मेळाव्याची मावसबहीणच म्हणा. तिचंही रडगाणं तेच: "काका, यायला सगळे तयार, राबायला कोणी नाही!" म्हटलं, बघू या तरी, ही राबणारी माणसं पूर्वी तिकडे कुठून येत होती.

तर मंडळी, तिथल्या पालक-शिक्षक संघाची, म्हणजे पीटीएची, सुरुवात १७ फेब्रुवारी १८९७ ला वॉशिंग्टनमध्ये झाली. अ‍ॅलिस बर्नी आणि फिबी हर्स्ट या दोघींनी देशभरातल्या मातांची परिषद भरवली. दोन हजारांवर माणसं आली. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मताचा अधिकार नव्हता, तो घटनेत आला १९२० मध्ये. मत देता येत नाही, पण मुलाच्या शाळेत काय चालतं ते विचारता येतं, ही वाट त्यांनी शोधली. पुढे शाळेत मुलांना गरम जेवण मिळावं म्हणून ठिकठिकाणी आयांनीच चुली पेटवल्या. सरकारचा शालेय भोजनाचा कायदा आला १९४६ मध्ये!

मात्र या मातांमध्ये सगळ्या माता नव्हत्या. दक्षिणेत शाळा वर्णावरून वेगळ्या, त्यामुळे संघही वेगळे. अटलांटाच्या सेलिना स्लोन बटलर या कृष्णवर्णीय बाईंनी १९११ मध्ये यंग स्ट्रीट शाळेत पालकांचा संघ काढला आणि १९२६ मध्ये कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही संघटना एक व्हायला १९७० साल उजाडलं. मदतीला हात हवेत म्हणायचं आणि काही हात दाराबाहेर ठेवायचे. आपल्याकडच्या पाणवठ्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही, असो.

मला सर्वांत आवडली ती १९५४ ची हकीकत. डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस तपासायची होती. २६ एप्रिलला व्हर्जिनियातल्या एका प्राथमिक शाळेत पहिली टोचणी झाली आणि या चाचणीत एकूण सुमारे १८ लाख मुलं आली. दवाखाने भरले ते बहुतांशी शाळांतच. नोंदी ठेवणं, मुलांना रांगेत आणणं, रडणाऱ्याला जवळ घेणं, ही कामं शिक्षकांनी आणि पालक स्वयंसेवकांनी केली. गंमत पालकांच्या अर्जाची. त्यात 'माझी परवानगी आहे' असं नव्हतं, 'माझ्या मुलाला यात घ्यावं अशी माझी विनंती आहे' असं होतं. शब्द एकच बदलला, पण पालक संमती देणारा उरला नाही, मागणारा झाला. मराठी घेऊन बीए झालेल्या माणसाला अशा जागा पटकन दिसतात!

मग हे बळ ओसरलं कसं? रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ मध्ये आकडे मांडले: १९६४ मध्ये पीटीएचे सव्वा कोटीच्या आसपास सभासद होते, १९८२ मध्ये जेमतेम ५० लाख. काही शाळांनी राष्ट्रीय संघटना सोडून स्वतःचे संघ काढले, हे एक कारण. दुसरं असं की दुपारी मोकळी असलेली आई नोकरीला लागली. ज्या फुकटच्या श्रमावर सगळं उभं होतं, त्याला कोणी श्रम म्हणतच नव्हतं. बायका आळशी झाल्या असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांचं घड्याळ बघावं.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. मुलांच्या जेवणासाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला ठेवायचं, तो मुष्टिफंड. मूठभर म्हणजे कोणालाही 'नाही' म्हणता येणार नाही आणि कोणाला लाजही वाटणार नाही, इतकंच मागायचं. मागण्याचं शास्त्र याहून चांगलं मला तरी कुठे सापडलं नाही.

आता शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर उत्तम. पण समितीत नाव असणं वेगळं आणि संध्याकाळी सहा वाजता फाटकाशी उभं राहणं वेगळं.

आमच्या शाळेत 'इच्छुक पालकांनी मदत करावी' असं फळ्यावर लिहिलं की एकही पालक येत नसे. मग आम्ही घरी जाऊन नेमकं मागायला लागलो. शिंपीकाम करणाऱ्या वडिलांना म्हटलं, पडद्याला नाड्या लावून द्या. धुणीभांडी करणाऱ्या एका आईला म्हटलं, ताई, भेळेचा स्टॉल तुम्ही सांभाळा, हिशोब मुलगी लिहील. ती म्हणाली, "गुर्जी, आजवर शाळेनं बोलावलं ते फी थकली म्हणून." त्या संध्याकाळी ती अर्धा तास आधी आली, जरीची साडी नेसून, आणि सोबत शेजारच्या दोघींना घेऊन आली. सतरंज्याही त्या तिघींनीच घड्या करून ठेवल्या.